दोनशे चौदा शून्यं

"मॅडम, ही शून्यं काढून टाका," अश्विन म्हणाला आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याने टेबलावरून असं सरकवलं, जशी पानातली नको असलेली भाजी कडेला सारावी.

प्रमोदिनी भोयरने कागद उचलले नाहीत. "कुठली शून्यं, सर?" तिने विचारलं. कुठली ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण समोरच्याला तेच दोनदा बोलायला लावलं की त्याचा निम्मा जोर उतरतो, हे एकतीस वर्षांच्या नोकरीने तिला शिकवलं होतं.

"मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीतली. अकरा लॉज, तीन वर्षं, दोनशे चौदा नोंदी, आणि खोलीचा दर काय तर शून्य. मॅडम, खोलीचा दर शून्य नसतो. रजिस्टर लिहिणारा कंटाळला, रकाना तसाच राहिला, तुम्ही तिथे शून्य भरलं. होतं असं. पण त्या दोनशे चौदांमुळे आपलं अख्खं मॉडेल लंगडं पडतंय."

'आपलं' हा शब्द तिने मनात टिपून ठेवला. आठ वर्षं उन्हातान्हात लॉजच्या पायऱ्या चढताना मॉडेल तिचं एकटीचं होतं. आता ते बाळसं धरू लागल्यावर आपलं झालं होतं.

नागपुरातल्या हॉटेलांमध्ये खोलीचा दर कशावर ठरतो, हा तिच्या पीएचडीचा विषय. डिसेंबरात अधिवेशन भरलं की सीताबर्डीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत दर कसे चढतात, जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असला की वर्धा रोडवरची हॉटेलं तासातासाला आकडे कसे बदलतात, लग्नाची तिथी दाट असली की काय होतं, हे सगळं पहिल्या तीन प्रकरणांत होतं. तिथे गणित बिनबोभाट जुळत होतं. मागणी वाढली, दर वाढला. चौथं प्रकरण मात्र हट्टी निघालं. तापाची साथ आली, दवाखाना ओसंडून वाहू लागला, गल्लीत रुग्णांच्या नातेवाइकांना खाट मिळेना, तरी त्या अकरा लॉजचे दर जागचे हलत नव्हते. आणि वर ही शून्यं.

"शुक्रवारी अकराला सादरीकरण," अश्विनने बोटं मोजत सांगितलं. "त्याच दिवशी पाच वाजता तुमच्या नोंदणीची मुदत संपते. दोनदा वाढवून झालीय, आता विद्यापीठ ऐकणार नाही. हे प्रकरण काढा, मार्गदर्शकाची सही मी तिथल्या तिथे करतो. तीन-चार महिन्यांत तुम्ही डॉक्टर भोयर. नाही तर…"

"नाही तर?"

"आठ वर्षं पाण्यात, मॅडम. दुसरं काय."

अश्विन वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला नाही म्हणायला कष्ट पडत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी तो याच कॉलेजात विद्यार्थी होता आणि प्रमोदिनीने त्याला पलंगावर चादर कशी घालायची ते शिकवलं होतं. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली जायला हवा. अश्विनला तो कधी जमला नाही. जादाची चादर तो गोळा करून गादीखाली कोंबायचा, वरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "वरून तर मस्त दिसते ना, मॅडम?" प्रमोदिनी गादी उचलायची आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. पुढे तो दिल्लीला गेला, पीएचडी करून आला, विभागप्रमुख झाला, आणि ज्या बाईने गादी उचलून त्याची चूक दाखवली तिचाच मार्गदर्शक झाला. तेव्हापासून ती त्याला सर म्हणायला लागली. मनात मात्र तो अश्विनच राहिला.

तिचा प्रवास एवढा झपाट्याचा नव्हता. काटोलहून अठराव्या वर्षी आईसोबत नागपूरला आली ती वडील गेल्यावर. सदरमधल्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम धरलं. दिवसाला चौदा खोल्या, चौदा बाथरूम. रात्रीच्या वर्गाला जाऊन पदविका घेतली, मग पदवी, मग या कॉलेजात हाऊसकीपिंगची शिक्षिका. मुलं पाठीमागे तिला 'बेडशीट मॅडम' म्हणत आणि तिला ते माहीत होतं. लग्न झालं नाही. का झालं नाही हे नातेवाइकांनी पंधरा वर्षं विचारलं, मग ते दमले. पीएचडी नसल्यामुळे तिची बढती पाच वेळा हुकली आणि पाचही वेळा तिच्यापेक्षा लहान माणूस पुढे गेला. चौपन्नाव्या वर्षी नावामागे डॉक्टर लागावं एवढी एकच हौस तिने आयुष्यात केली होती. ती हौस आता शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत जिवंत होती.

तिने चौथं प्रकरण उचललं आणि पिशवीत घातलं. "विचार करते," म्हणाली.

खरं सांगायचं तर घरी जाताना बसमध्ये तिने विचार केलाही, आणि तो काही शूरवीराचा विचार नव्हता. काढून टाकावं, असंच तिला वाटत होतं. शंभर-सव्वाशे पानं. कोण वाचणार आहे? प्रबंध एकदा ग्रंथालयात गेला की त्याच्यावर धूळच बसायची. कुणाचं काय बिघडणार होतं?

पण ती शून्यं तिला सापडली कशी, ते आठवलं की तिला अजून लाज वाटायची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैनगंगा लॉज म्हणजे गल्लीतली अकरा खोल्यांची एक जुनी इमारत. खाली काउंटर, काउंटरवर चंद्रभान. कन्हानचा माणूस, साठीचा, एक काडी तुटलेला चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. प्रमोदिनी सलग आठ दिवस त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली आणि दर कसा ठरतो ते पाहत राहिली. भिंतीवर पाटी होती, सिंगल नऊशे. तो नऊशेचा दर त्या आठ दिवसांत तिने एकालाही लावलेला पाहिला नाही. गिऱ्हाईक आलं की चंद्रभान दोनच प्रश्न विचारायचा.

"कुठचे?"

"कोण ॲडमिट हाय?"

उत्तरं ऐकायची, माणसाच्या चपलांकडे एकदा पाहायचं, आणि दर सांगायचा. चारशे. साडेतीनशे. कधी अडीचशे. औषध कंपन्यांचे बॅगवाले एमआर आले की मात्र तेच दोन प्रश्न न विचारता तो चेहरा सरळ ठेवून म्हणायचा, "चौदाशे. गिझर चालू हाय." गिझर बंद असायचा. प्रमोदिनीने तेही लिहून घेतलं.

आठव्या दिवशी ती जुनी रजिस्टरं चाळत बसली आणि शिक्षिकेच्या सवयीने तिने त्याला धारेवर धरलं. "भाऊ, इथे भाडं लिहायचं राहिलंय. इथेही. या पानावर पुन्हा. असं अर्धवट रजिस्टर कसं चालेल?"

चंद्रभानने चष्मा वर सरकवला. "राह्यलं नाही, मॅडम. शून्य लिवलं हाय ना मी."

"म्हणजे फुकट ठेवलं त्यांना?"

"फुकट काहून ठेवू? मी का धर्मशाळा खोलून बसलो का? हे पाहा, नऊ दिवस राह्यले. आठ दिवसाचं मोजून घेतलं."

"आणि नववा दिवस?"

"नवव्या दिवशी त्यायचा माणूस गेला." त्याने पान उलटलं. "त्या दिवसाचं भाडं नसते, मॅडम. गल्लीत कोणीच घेत नाही."

"हा नियम केला कोणी?"

"मले काय माहीत? मी लागलो तवा होताच." आणि तो फोन घ्यायला वळला.

त्या आधीच्या चाळीसेक नोंदींपुढे तिने स्वतःच 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून ठेवलं होतं. जी चूक आज अश्विन करत होता, तीच. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने एकेक नोंद पुन्हा तपासली. मग उरलेल्या दहाही लॉजमध्ये जाऊन विचारलं. मालक निरनिराळे, जाती निरनिराळ्या, निम्म्यांचं एकमेकांशी बोलणं बंद. नियम तोच. फक्त गल्लीच्या तोंडावर नवीन झालेलं ॲपवालं हॉटेल तेवढं अपवाद होतं. तिथला दर फोन ठरवायचा आणि फोनला कोणी गेल्याचं कळत नव्हतं.

अश्विनशी बोलणं झालं त्या मंगळवारी संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई, वच्छलाबाई, ओट्यापाशी खुर्ची ओढून मेथी निवडत होती. वय ऐंशीच्या घरात, पण हात अजून चालते. प्रमोदिनीने पिशवी ठेवली आणि हातपाय न धुताच सगळं सांगून टाकलं. शून्यं, शुक्रवार, सही.

"काढून टाकते," ती शेवटी म्हणाली. "एवढी वर्षं झाली, आता डिग्री हातची घालवू नाही म्हणतात सगळे."

आईने मेथीची एक काडी मोडली. "कोणतं शून्य म्हंतं तू? माणूस गेल्या दिवसाचं?"

"हो."

"आपल्याले बी नव्हतं घेतलं."

"कधी?" प्रमोदिनीने विचारलं.

"तुझे बाबा गेले तवा. त्याच गल्लीत होतो ना आपण, एकवीस दिवस. ते लॉज आता नाही राह्यलं, तिथं लॅब झाली म्हंतात रक्ताची."

"बिल काकांनी दिलं होतं ना?"

"वीस दिवसाचं देल्लं. एकविसाव्या दिवशी काका गाडी पाह्याले गेलते अन् मी खाली गेली पैसे घिऊन. त्या माणसानं घेतलेच नाही. मले असा राग आला होता, प्रमोदे! मले वाटलं, भिकारी समजून राहिला हा आम्हाले. म्या म्हटलं, संत्र्याची बाग हाय आमची काटोलले, फुकट नको आम्हाले काही." आईचा हात थांबला होता. "तं तो माणूस म्हणे, बाई, खोलीचं भाडं काय लावायचं ते मी ठरवतो ना? मंग आजचं भाडं काहीच नाही. पाटीवर वाचू नका, मले विचारा."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काहून सांगू? अठरा वर्षांची पोरगी तू, रडून रडून बेजार झालती. अन् मले बी लाज वाटे. किती तरी वर्षं वाटे, का आपण कोणाचं तरी फुकट खाल्लं." तिने मेथी पुन्हा हातात घेतली. "आता तू म्हंतं का तो रोजचाच नियम होता. सगळ्यायलेच होता. मंग फुकट कायचं? तो भाव होता त्या दिवसाचा."

छत्तीस वर्षं आई एक ओझं वागवत होती, आणि ते उतरवायला आठ वर्षांचं संशोधन लागलं होतं. प्रमोदिनीला रडू आलं आणि संतापही आला, आणि दोन्हींपैकी कुठलं जास्त हे तिला सांगता आलं नसतं. तिने उठून हातपाय धुतले. मेथीची भाजी तिनेच टाकली.

बुधवारी ती अश्विनशी काही बोलली नाही. गुरुवारी सुट्टी टाकून धंतोलीतल्या बाइंडरकडे गेली आणि प्रबंधाच्या तीन प्रती बांधायला टाकल्या. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं. पहिल्या पानानंतर मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं, खाली सहीसाठी रेघ. बाइंडर म्हणाला, "मॅडम, सही झाल्यावर बांधतात. लोक तसंच करतात." तिने सांगितलं, "तुम्ही बांधा." चौथं प्रकरण जागच्या जागी होतं आणि त्याला जोडून परिशिष्टात सगळ्या दोनशे चौदा नोंदी एकाखाली एक.

शुक्रवारी अकरा वाजता सभागृहात वीस-पंचवीस माणसं होती. पुण्याहून तज्ज्ञ म्हणून डॉ. अबोली साने आल्या होत्या, चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. पहिली तीन प्रकरणं सुरळीत गेली. चौथ्याची पहिली स्लाइड पडद्यावर आली तशी अश्विनची मान वर आली. प्रमोदिनी त्याच्याकडे न बघता बोलत राहिली.

"शून्य हा दर कसा म्हणायचा?" सानेबाईंनी विचारलं. "भाडं घेतलंच नाही, म्हणजे तिथे दर नाही."

"रकाना रिकामा असता तर दर नाही म्हटलं असतं, मॅडम. तशा रिकाम्या नोंदी त्रेसष्ट आहेत. त्या मी वेगळ्या ठेवल्या आहेत, शेवटून चौथ्या पानावर. या दोनशे चौदा ठिकाणी माणसाने पेन उचलून शून्य लिहिलंय."

"मालकाची लहर असू शकते."

"लहर एका लॉजमध्ये सापडते. अकरा लॉजमध्ये सापडली तर तिला धोरण म्हणतात." मागे कुणीतरी हसलं. "मी प्रत्येकाला विचारलं, शेजारचा त्या दिवसाचं भाडं घेतो का. प्रत्येकाने आधी शेजाऱ्याला शिव्या दिल्या. मग म्हणाला, पण ते नाही घेणार तो."

सानेबाई वहीत काहीतरी लिहू लागल्या. अश्विन उभा राहिला. आवाज मऊ ठेवून म्हणाला, "मॅडमच्या भावनांचा आपण आदर करतो. पण हा व्यवस्थापनशास्त्राचा विषय आहे. दयाधर्माचा नाही."

"दयाधर्म कुठे आहे यात?" प्रमोदिनीने विचारलं. "पुढचा तक्ता बघा. औषध कंपन्यांच्या माणसांकडून हेच लॉज पाटीपेक्षा दीडपट घेतात. त्या जादा पैशातून शून्यांचा खर्च निघतो आणि वर उरतो. अकरापैकी एकही लॉज तोट्यात नाही. कुणाकडून किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं आणि केव्हा अजिबात घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं आहे. याला व्यवस्थापन नाही म्हणायचं तर मग मी एकतीस वर्षं इथे काय शिकवत होते?"

"पण मॉडेलमध्ये ते बसत नाही."

"मग मॉडेल बदला."

अश्विनचे कान लाल झाले. त्याने समोरचे कागद एकावर एक नीट रचले. "मार्गदर्शक म्हणून," तो म्हणाला, "या प्रकरणासह मी सही करू शकत नाही. मॅडम, अजूनही वेळ आहे. बाइंडिंग उसवता येतं. पाच वाजायला पाच तास आहेत."

प्रमोदिनीने चष्मा काढला. आयुष्यभर कॉलेजात तिने पुस्तकी मराठी सांभाळून वापरली होती. ती आता सुटली, आणि तिने ती सुटू दिली.

"नका करू सही," ती म्हणाली. "पण एक आयका. मी तुमाले चादर घालाले शिकवलं. तवा बी तुम्ही जादाची चादर गादीखाली कोंबत होते अन् वरून म्हणत होते, मस्त दिसते. दरवेळी मी गादी उचलून दाखवत होती का नाही? आज बी तेच करून राहिली. हे दोनशे चौदा लोक मी गादीखाली नाही कोंबणार. डिग्री गेली तं गेली."

तिने मरून रंगाची एक प्रत अश्विनसमोर ठेवली, सहीचं पान उघडं. दुसरी सानेबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "मी हे वाचणार आहे. पण मार्गदर्शकाच्या सहीशिवाय विद्यापीठ घेणार नाही. माझ्या हातात नाही ते." प्रमोदिनी म्हणाली, माहीत आहे. तिसरी प्रत पिशवीत घालून ती निघाली. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

दुपारी तिने विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक घेतलं, कारण वेळापत्रकात होतं. सहा पलंग, बारा मुलं, चोवीस कोपरे. त्यांतले नऊ तिने उसवायला लावले. कुणी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असेल तर तिने लक्ष दिलं नाही. साडेचारला ऑटो करून ती दवाखान्यामागच्या गल्लीत उतरली.

चंद्रभान काउंटरवरच होता. तिने प्रबंध त्याच्यासमोर ठेवला.

"झालं का मॅडम?" त्याने सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. "डाक्टर झाल्या?"

"नाही झाले. होणारही नाही आता."

"काहून?"

"तुमची शून्यं काढा म्हणाले. मी नाही काढली."

चंद्रभानने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग एकदम चिडून म्हणाला, "अरे, त्यायच्या बापाचं काय जाते? आमचं भाडं, आमी घेऊ नाही तं नाही घेऊ!" आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "तुमी काढून टाकाचं होतं ना बाई. आमाले कुठं समजणार होतं."

"मला समजलं असतं ना."

प्रबंध इंग्रजीत होता. त्याने दोन-चार पानं उलटली आणि कपाळाला आठी घातली. तिने परिशिष्ट उघडून दिलं. तारीख, लॉज, खोली क्रमांक, दर. हे त्याला वाचता येत होतं. वैनगंगा लॉजच्या ओळी एकतीस होत्या. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"अकरा जानेवारी, खोली सहा," तो म्हणाला. "हे गोंदियाचे मास्तर. बायको गेलती त्यायची." बोट खाली सरकलं. "खोली दोन. हे दोघं भाऊ होते, आईले आणलं होतं. बोलत नव्हते एकमेकाशी. गेली तवा गळ्यात पडले." पुढची ओळ. "खोली नऊ. हे लेकरू होतं बाई. हे नका सांगू कोणाले."

तो ओळीमागून ओळ वाचत गेला. त्याला एकतीसच्या एकतीस माणसं आठवत होती. रजिस्टरात जी नावं होती ती विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे तिने प्रबंधातून गाळली होती, आणि या माणसाने नुसत्या तारखांवरून ती परत आणून बसवली होती. प्रमोदिनी स्टुलावर बसून ऐकत राहिली. आठ वर्षांत तिच्या प्रबंधाचा एवढा चांगला वाचक तिला मिळाला नव्हता.

काउंटरमागच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. तिने ते पाहिलं. काही कोसळलं नाही. बाहेर रसवाल्याची घंटी वाजत होती.

जिन्यावरून पावलं आली. पस्तिशीचा एक माणूस हातात रेक्झिनची पिशवी घेऊन उतरला. मागे एक म्हातारी, पदर तोंडावर. माणसाने खोलीची किल्ली काउंटरवर ठेवली.

"हिसाब कर दो, भैया," तो म्हणाला. "छिंदवाड़ा जाना है. गाड़ी आ रही है."

चंद्रभानने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज त्याने दोन्हींपैकी एकही प्रश्न विचारला नाही. "कल तक का जमा है," तो म्हणाला. "आज का किराया नहीं है."

"पैसे हैं मेरे पास." माणसाचा आवाज चढला. त्याने खिशातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. "ऐसा नहीं चाहिए."

"मालूम है, हैं. आज का नहीं लगता. किसी का नहीं लगता."

माणूस तसाच उभा राहिला. तेव्हा प्रमोदिनी स्टुलावरून उठली आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या म्हातारीपाशी गेली. "अम्मा, यह ऐसे ही नहीं दे रहे," ती म्हणाली. "आज का रेट यही है. मैंने सबसे पूछा है. सबके लिए यही है."

म्हातारीने पदर बाजूला करून तिच्याकडे पाहिलं. मग मुलाच्या दंडाला हात लावला. त्याने नोटा उचलल्या, घडी करून खिशात ठेवल्या आणि दोघं बाहेर पडली. ताठ मानेने गेली, हे प्रमोदिनीने मुद्दाम पाहिलं.

चंद्रभानने रजिस्टर ओढलं आणि भाड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. प्रमोदिनीने पर्समधून पेन काढलं. मरून प्रबंध आपल्याकडे फिरवून तिने परिशिष्टाचं शेवटचं पान उघडलं. छापलेल्या शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा होती.

"खोली कोणती, चंद्रभानभाऊ?"

"चार."

"दर?"

चंद्रभानने रजिस्टर मिटलं. "शून्य," म्हणाला.

तिने आजची तारीख घातली, वैनगंगा, खोली चार, दर शून्य. डावीकडे क्रमांक लिहिला, दोनशे पंधरा. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.